उलटं खळं

त्या रुग्णालयात डॉक्टर पुष्कळ होते, पण टोपणनाव मिळालं होतं एकीलाच. तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत बसून स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे 'असू-शकेल बाई' म्हणत. बाईंचा एकही अहवाल त्या दोन शब्दांशिवाय संपत नसे. फुप्फुसात डाग दिसला की त्या लिहायच्या, 'जंतुसंसर्ग असू शकेल, क्षय असू शकेल, जुनी खूणही असू शकेल.' कँटीनमध्ये चहा पिऊन झाल्यावरसुद्धा बाई 'चहा असू शकेल' म्हणतात, असा विनोद नर्सेसनी पसरवला होता, आणि तो बाईंच्या कानावर आला नव्हता असं मुळीच नाही. त्या खोलीचं दार कधी नीट लागत नसे आणि बाहेरच्या बाकावर बसणाऱ्यांना हळू बोलायची सवय नव्हती.

बाई मनावर घेत नसत, निदान तसं दाखवत तरी. एकवीस वर्षं त्यांनी करड्या सावल्या वाचल्या होत्या आणि सावली माणसाला किती सहज फसवते ते त्यांच्याइतकं कुणी भोगलं नव्हतं. पण त्या मंगळवारच्या बैठकीत किडनीच्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत त्यांचा अहवाल हातात धरून हलवला.

"मॅडम, शक्यतांची यादी आम्हालाही करता येते हो. तुम्ही काय ते एक सांगा ना!"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग खाली येऊन त्यांनी खुर्ची अशी काही ओढली, की यंत्र चालवणारा तंत्रज्ञ दचकून उभाच राहिला.

नेमका त्याच दुपारी घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका पेशंटचा, घड्याळजींचा, स्कॅन आला. सोबतच्या कागदावर दीड ओळ होती. वय बावन्न, दोन वर्षांपूर्वी किडनी बदललेली, पाच दिवस ताप आणि खोकला.

दुसऱ्याची किडनी अंगात राहायची तर शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी मंद करावी लागते. पाहुण्याला चावू नये म्हणून राखणीच्या कुत्र्यालाच गुंगी द्यावी, तसला प्रकार. मग चोर शिरला तरी कुत्रा भुंकत नाही. अशा माणसाच्या फुप्फुसात साधा जंतू शिरला तरी न्यूमोनियाचं नेहमीचं चित्र उमटत नाही, कारण ते चित्र निम्मं जंतूचं असतं आणि निम्मं शरीराच्या मारामारीचं. मारामारीच धड होत नसेल तर सावली वाटेल ती सोंगं घेते. बाईंनी हे शिकाऊ डॉक्टरांना स्वतः शंभर वेळा शिकवलं होतं.

घड्याळजींच्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक कडं होतं. चंद्राला खळं पडतं तसं खळं फुप्फुसातही दिसतं, मधे दाट गाठ आणि भोवती धूसर कडा. हे उलटं होतं. मधे धूसर, कडेला दाट, ओला कप टेबलावर ठेवल्यावर उमटतं तसं. किडनी बदललेल्या माणसात असं उलटं खळं दिसलं की आधी एका जहाल बुरशीचा विचार करावा, असं पुस्तकं सांगतात. आधी करावा असं सांगतात, तेवढाच करावा असं एकही पुस्तक म्हणत नाही.

बाईंनी टाइप केलं, 'बुरशीचा संसर्ग.' बोटं सवयीनं पुढे गेली, 'अन्य जंतूही असू श...' तिथे त्या थांबल्या. सकाळचं हसू आठवलं. त्यांनी ती ओळ पुसून टाकली, सही केली आणि अहवाल पाठवून दिला. पाच मिनिटांत फोन वाजला.

"वा मॅडम! आज कसं स्वच्छ लिहिलंत!" किडनीचे डॉक्टर म्हणाले.

बाईंना फार बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं पुढे त्यांना बरेच दिवस टोचत राहिलं.

शनिवारी सकाळी घड्याळजींचा दुसरा स्कॅन आला. या खेपेचा कागद बराच लांब होता. बुरशीचं औषध चार दिवस चालू, तरी ताप हटत नाही. औषध किडनीला झेपत नाहीये, रक्तातले आकडे रोज चढताहेत. सोमवारी शस्त्रक्रिया करून फुप्फुसाचा वरचा भाग काढायचा आहे. म्हणजे एकीकडे फुप्फुस कापलं जाणार होतं आणि दुसरीकडे मिळालेली किडनी जाणार होती, आणि दोन्ही गोष्टींच्या मुळाशी बाईंची एक ओळ होती.

काचेपलीकडे घड्याळजी स्वतःच्या पायांनी चालत आले. स्कॅनच्या टेबलावर चढता चढता तंत्रज्ञाला म्हणाले, "दादा, तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. नंतर काढून द्या, बघतो."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. ती बुरशी अंगात असलेला माणूस चार दिवसांनी असा भिंतीवरच्या घड्याळाची चौकशी करतो? ती रक्तवाहिन्यांमध्ये घुसते, औषध लागू पडलं नाही तर अर्धं फुप्फुस खाऊन मोकळी होते. पडद्यावर बघितलं तर कडं जेमतेम वाढलेलं होतं. त्यात एक छोटीशी पोकळी झाली होती आणि डावीकडे एक नवी बारीक गाठ दिसत होती. वाढ होती, पण घाई नव्हती. 

मग त्यांनी अनेक वर्षांत न केलेली गोष्ट केली. खोलीतून उठल्या आणि जिना चढून पेशंटकडे गेल्या. स्कॅन वाचणारे डॉक्टर पेशंटला भेटत नाहीत, तशी पद्धतच नसते. वॉर्डातल्या नर्सनं त्यांना आधी पेशंटची नातेवाईक समजून भेटायची वेळ सांगितली.

घड्याळजींच्या उशाशी त्यांची थोरली बहीण बसली होती. उंच, शिडशिडीत, आणि वॉर्डाचा कारभार आपल्याकडेच आहे अशा थाटात. किडनी तिनंच दिली होती, हे सांगायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"पाणी किती प्यायलास? वहीत लिही. अंदाजे नको, नीट लिही," ती भावाला म्हणाली आणि बाईंकडे वळली. "अहो, बावन्न वर्षांचा झाला, पण मी बघितलं नाही तर हा औषधंसुद्धा विसरेल."

"नाही गं ताई विसरत," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी मुकाट्यानं वही पुढे ओढली.

बाईंनी ताईला जुनी कागदपत्रं आणायला खाली पाठवलं. कागदपत्रांची काही गरज नव्हती. मग स्टूल ओढून त्या जवळ बसल्या.

"खोकला किती दिवस आहे?"

"पाच... आता नऊ झाले."

"घड्याळजी, मी तुमचं फुप्फुस बघितलंय. ते नऊ दिवसांचं दिसत नाही मला."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "दीड महिना झाला. आधी कोरडा होता. कपडे सैल व्हायला लागले तेव्हा मीच पट्ट्याला नवं भोक पाडलं. ताईला कळलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं."

"आणि मातीत हात घालता का?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. घड्याळजींचा चेहरा असा पडला, की उत्तराची गरजच उरली नाही. तरी त्यांनी सांगितलं, आणि एकदा बांध फुटल्यावर सगळंच सांगितलं. किडनी बदलल्यावर माती, खत, झाडं सगळं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईनं गॅलरीतल्या एकूण एक कुंड्या वाटून टाकल्या होत्या. पण दुकानाच्या मागे एक पिंप होतं. त्यात पालापाचोळा, सालं, कागदाचे कपटे घालून घड्याळजी खत करायचे आणि रोज दुपारी तासभर ते हातानं वरखाली करायचे. तोंडाला काही न बांधता.

"दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या चाकांशी खेळायचं डॉक्टरबाई. तासभर तरी काहीतरी मोठं हातात घ्यावंसं वाटतं. गरम असतं हो ते आतून, जिवंत असल्यासारखं." त्यांनी वही मिटली. "तुम्ही ताईला सांगू नका. तिनं स्वतःच्या पोटातलं काढून दिलं मला, आणि मी एक पिंप सोडू शकलो नाही. किडनी गेली तर तिला काय तोंड दाखवू?"

"ताईला तुम्हीच सांगाल, जमेल तेव्हा. किडनीच्या डॉक्टरांना मात्र मी आत्ता सांगणार आहे," बाई म्हणाल्या, आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरल्या. त्यांच्या गुडघ्यांना हे गेल्या कित्येक वर्षांत ठाऊक नव्हतं.

पण किडनीच्या डॉक्टरांच्या आधी त्या गाठायला गेल्या मामांना. मामा म्हणजे जंतूंच्या प्रयोगशाळेचे मुख्य. कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. बुधवारी घड्याळजींच्या श्वासनळीत दुर्बीण घालून आतलं पाणी तपासायला काढलं होतं, ते मामांकडेच आलं होतं.

"त्यात धागे दिसले होते ना? बुरशीचे धागे म्हणून आम्ही लिहिलंय की," मामा म्हणाले.

"जाड होते की बारीक?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "खरं सांगू का बाई, मला जरा बारीकच वाटले होते. पण वर तुमचा अहवाल टाचलेला. म्हटलं, बाई कधी नव्हे ते ठाम लिहिताहेत म्हणजे पक्कंच असणार. मग मी कोण सांगणारा?"

कुणीतरी थोबाडीत द्यावी तसं बाईंना झालं. त्यांनी मामांवर भरवसा ठेवला होता, की चुकलं तर प्रयोगशाळेत कळेलच. मामांनी बाईंवर ठेवला, आणि वरच्या डॉक्टरांनी दोघांवर. एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून सगळी शहाणी माणसं गाढ झोपली होती.

"नेहमीच्या जंतूंच्या प्लेट लावल्या होत्या ना? त्यांवर काय उगवलं?"

"काही नाही. तीन दिवस बघतो आणि टाकून देतो. आज सकाळीच गेल्या."

"आणि आठवडाभरानं उगवणारा जंतू असेल तर?"

मामा फ्रिजकडे वळले. अगदी मागच्या कप्प्यात, लेबल लावलेल्या एका बाटलीच्या तळाशी, चमचाभर पाणी उरलं होतं. मामांनी त्याचे काही थेंब काचेवर घेतले, लाल रंग चढवला आणि एरवीपेक्षा सौम्य आम्लानं तो धुऊन वर निळा दिला. बुरशी हा लाल रंग धरून ठेवत नाही. एक जंतू मात्र थोडाफार धरतो. रंग वाळायला थोडा वेळ होता. बाई नळाखाली आधीच स्वच्छ असलेला पेला धूत उभ्या होत्या.

"या," मामा म्हणाले.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्या पसाऱ्यात लाल धागे होते. कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक, फांद्या फुटलेले, मधूनमधून मणी ओवल्यासारखे तुटक. बाई स्टुलावर बसल्याच.

"नोकार्डिया," मामा पुटपुटले. "मातीतला. पाचोळ्यातला. सोंग बुरशीचं, पण जात जंतूची."

"आणि साध्या जंतूंच्या औषधांनी बरा होणारा," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

किडनीचे डॉक्टर शस्त्रक्रियेचे कागदच भरत होते. बाईंनी ते बसा म्हणायची वाट पाहिली नाही.

"माझा मंगळवारचा अहवाल चुकला. ती बुरशी नाही, नोकार्डिया आहे. ते औषध आत्ता थांबवा, आणि सोमवारचं ऑपरेशनही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट नव्हते, फक्त घाईत असत. "मॅडम, मंगळवारी तुम्ही मला तितकंच ठामपणे उलटं सांगितलं होतं. मी औषध थांबवलं आणि बुरशीच निघाली, तर दोन दिवसांत माणूस हातचा जाईल. मी कशावर विश्वास ठेवू?"

प्रश्न रास्त होता, आणि बाईंनाही तो बोचण्याइतका रास्त वाटला.

"नुसती सावली बघून ते सांगता येत नव्हतं, तरी मी सांगितलं. ती चूक माझी. आज सावलीवर सांगत नाहीये. मामांच्या काचेवर लाल धागे आहेत. पेशंट दीड महिना खोकतोय, आणि तुमच्या कागदावर पाच दिवस लिहिलंय. रोज उघड्या हातांनी खत चाळतोय. तिन्ही वाटा एकाच दाराशी येतात. तुम्ही स्वतः या आणि बघा."

डॉक्टर उठले. सूक्ष्मदर्शकावर ते इतका वेळ वाकून राहिले, की मामांनी बाईंकडे बघून भुवई उंचावली. शेवटी ते सरळ झाले, खिशातून फोन काढला आणि आधी वॉर्डला सांगितलं, "बुरशीचं सलाईन बंद करा. हो, आत्ता. अर्धं राहिलं असेल तरी." मग सर्जनना फोन केला. तो संपल्यावर बाईंकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी बैठकीत जे बोललो, ते..."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "हा जंतू डोक्यातही जातो. आधी मेंदूचा स्कॅन करू या."

मेंदू स्वच्छ निघाला. नवी औषधं त्याच दुपारी सुरू झाली, थोडे दिवस शिरेतून, मग गोळ्या, त्या वर्षभर तरी चालणार होत्या. फुप्फुसाची चिंता बरीचशी मिटली, पण किडनीची मिटली नाही. बुरशीचं औषध थांबलं तरी त्यानं केलेली नासाडी थोडीच लगेच थांबते? रविवारी आकडे चढले. सोमवारी आणखी चढले. सोमवारी बाई किडनीच्या वॉर्डात तीनदा गेल्या. एकदा पेन विसरलं म्हणून, एकदा चुकून, आणि तिसऱ्यांदा नर्सच म्हणाली, "बाई, कारण नका सांगू, आकडा सांगते." मंगळवारी आकडा जागच्या जागी राहिला. बुधवारी उतरला, अगदी किंचित, पण उतरला, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. ताप तर त्याआधीच गेला होता. पुढच्या आठवड्यात मामांनी नव्यानं लावलेल्या प्लेटवर चुन्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उगवले. ती प्लेट त्यांनी तिन्ही मजल्यांवर मिरवली. वर घट्ट झाकण लावून, आणि कुणाला हात लावू न देता.

बाईंनी जुना अहवाल खोडला नाही. त्याखाली नवा लिहिला, पहिला चुकला हे स्पष्ट लिहून. पुढच्या बैठकीत किडनीच्या डॉक्टरांनी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, आणि मग म्हणाले, की त्यांना यापुढे मॅडमची यादी पूर्ण हवी आहे, कंटाळा आला तरी. या वेळी कुणी हसलं नाही. कँटीनमधला विनोद मात्र चालूच राहिला, आणि खरं सांगायचं तर बाईंना आता तो आवडायला लागला होता.

तीन आठवड्यांनी घड्याळजी तपासणीच्या स्कॅनला आले. कडं निम्म्यावर आलं होतं. बाई पडद्याकडे बघून स्वतःशीच खूश होत होत्या, तेवढ्यात दारात ताई उभी राहिली. एकटीच. उंची तीच, पण थाट नव्हता.

"ह्यात माझी किडनी दिसते का हो?" तिनं विचारलं.

"नाही हो. हा छातीचा आहे. तुमची किडनी खाली ओटीपोटात बसवलीये."

"हो का." ती वळली, पण गेली नाही. "त्या पिंपाचं त्यानं परवा सांगितलं मला. मी तेव्हापासून बोलले नाही त्याच्याशी. औषधं देते, जेवण देते, पण बोलत नाही. वाटलं, ह्याला काहीच किंमत नव्हती का त्याची? मी दिली ती दिली, आणि मी कधी बघितलीसुद्धा नाही. भूल देऊन काढली, भूल देऊन बसवली. आहे की गेली, हे मला नुसत्या आकड्यांवरून सांगतात."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी तंत्रज्ञाला हाक मारली आणि घड्याळजींना शेजारच्या सोनोग्राफीच्या खोलीत न्यायला सांगितलं.

घड्याळजी पलंगावर आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून, कारण ताई दुसऱ्या बाजूला उभी होती. बाईंनी त्यांच्या पोटाच्या उजव्या बाजूला, जुन्या टाक्यांजवळ, गार जेल लावलं आणि यंत्राची मूठ टेकवली. पडद्यावर आधी नुसता करडा गोंधळ दिसला. मग त्यातून एक आकार वर आला, गुळगुळीत, भरीव, कडा शाबूत असलेला.

"ही," बाई म्हणाल्या.

ताई पुढे वाकली. "ही?"

बाईंनी एक बटण दाबलं. त्या आकारात लाल आणि निळे रंग उमटले, झाडाच्या फांद्यांसारखे पसरले, मावळले, पुन्हा उमटले. यंत्रातून ठोक्याठोक्यानं वाहत्या रक्ताचा आवाज येऊ लागला.

"ठोका त्यांच्या हृदयाचा आहे," बाई म्हणाल्या. "रक्त तुमच्या किडनीतून जातंय. अगदी शेवटच्या टोकापर्यंत जातंय, बघा."

ताईचा हात आपसूक स्वतःच्या कमरेवर गेला आणि तिथेच राहिला.   घड्याळजी अजून भिंतीकडेच बघत होते.

"अरे, तिकडे काय बघतोस?" ताई म्हणाली.  "इकडे वळ. बघ तरी कशी चाललीये ती."

त्यांनी मान वळवली. दोघं बहीणभाऊ पडद्याकडे बघत राहिले. बाहेर तीन पेशंट खोळंबले होते आणि दार एकदा वाजूनही गेलं होतं. बाईंनी मूठ जिथे होती तिथेच धरून ठेवली.